बारा ग्रेचं अंतर

नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यायचे ठरले, तर गाठ जिथे होती त्या जागेला साधारण ६० ते ६६ ग्रे एवढी मात्रा द्यावी लागते. शस्त्रक्रिया शक्यच नसेल तर ती ७० ग्रेपर्यंत जाते. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून आलेलं हे एकक. गाठीच्या या जागेच्या अगदी अंगालगत, काही मिलिमीटरवरून, डोळ्याची मुख्य नस म्हणजे दृष्टिचेता मेंदूकडे जाते. तिला साधारण ५४-५५ ग्रेपर्यंतची मात्रा सोसते. ६० च्या पुढे इजेचा धोका झपाट्यानं वाढतो, आणि ती इजा झाली की गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. गाठीच्या जागेला ६६ आणि नसेला ५४. मधले बारा ग्रे काही मिलिमीटरांच्या अंतरात उतरवायचे असतात. या दुर्मिळ कर्करोगांच्या रेडिओथेरपीतला सगळा पेच एवढाच आहे, आणि तो सोडवायला वैद्यकाला शंभर वर्षं लागली.

जागा समजून घेतल्याशिवाय हा पेच लक्षात येत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या हाडांत एकेक मोठी पोकळी असते, साधारण पंधरा मिलिलिटरची. हा मॅक्झिलरी सायनस. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी बारीक बारीक कप्प्यांची जाळी असते, ती एथमॉइड. कपाळात फ्रंटल. आणि सगळ्यांच्या मागे, कवटीच्या जवळजवळ मध्यावर स्फेनॉइड. एथमॉइड आणि डोळ्याची खोबण यांच्यामधला पडदा एक मिलिमीटरही जाड नसतो. स्फेनॉइडच्या छतावर पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. तिच्या वर दोन्ही दृष्टिचेता एकमेकींना छेद देतात. त्या जागेला कायाझम म्हणतात. तिथे इजा झाली तर एक नव्हे, दोन्ही डोळे धोक्यात येतात. वर मेंदूचा पुढचा भाग, मागे मस्तिष्कस्तंभ, खाली टाळू आणि वरच्या दाढा. शरीरात अडचणीच्या जागा पुष्कळ आहेत, पण एवढ्या थोड्या जागेत इतकं मोलाचं सामान दाटीनं ठेवलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

हे कर्करोग दुर्मिळ आहेत. डोकं आणि मान या भागातल्या एकूण कर्करोगांपैकी त्यांचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके, की कान-नाक-घशाच्या डॉक्टरलाही सायनसची गाठ क्वचितच दिसते. शिवाय हा एक आजार नाही. स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, ग्रंथींतून उगवणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, नसांच्या कडेनं सरकणारा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक, वास ओळखणाऱ्या पेशींतून निघणारा एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा, श्लेष्मल आवरणातला मेलेनोमा, अशी डझनभर नावं. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि उपचारांचा क्रमही निराळा.

हे कर्करोग उशिरा सापडतात, याला कारण लक्षणांचा साधेपणा. एका नाकपुडीतून श्वास कमी येतो, शेंबडात अधूनमधून रक्ताची रेघ दिसते, डोळ्यातून पाणी येतं. सर्दी समजून वाफ घेतली जाते, अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. वरची दाढ हलायला लागली म्हणून ती काढली जाते आणि जखम भरतच नाही. गाल बधिर होतो. कवळी अचानक बसेनाशी होते. एका वस्तूच्या जागी दोन दिसू लागतात. पोकळी हवेनं भरलेली असल्यामुळे गाठीला आत वाढायला मोकळी जागा मिळते आणि दुखणं फार उशिरा सुरू होतं. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येनं पाहिले. गालाचा बधिरपणा, हलणारे दात, डोळ्यावरची सूज या खुणा तेव्हा घराघरांत माहीत झाल्या. ती जाणीव टिकली तर बरं होईल. एकाच बाजूचं बंद नाक आणि एकाच बाजूचं रक्त काही आठवड्यांत बरं झालं नाही, तर दुर्बिणीतून आत पाहायला हवं, एवढं लक्षात राहिलं तरी अनेकांचं निदान लवकर होईल.

कारणांचा शोध मोठा बोलका आहे. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकम नावाचं, एके काळी खुर्च्या आणि फर्निचर बनवणारं गाव आहे. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे रुग्ण वारंवार सुतारकाम करणाऱ्यांतूनच येत आहेत. ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ आणि साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्याबरोबर त्यांनी हे तपासलं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या त्यांच्या निबंधांनी दाखवलं, की फर्निचर कामगारांत या विशिष्ट कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या शेकडो पट आहे. पुढे नॉर्थहॅम्प्टनशायरच्या बूट कारखान्यांतल्या कामगारांतही तसाच संबंध सापडला. कठीण लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात बसत राहते आणि आजार कित्येक दशकांनी उगवतो. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. आपल्या शहरांतल्या इमारतींत बंद खोल्यांमधे पॉलिशपेपर आणि सँडर चालवणारे कारागीर तोंडाला रुमाल बांधून काम करतात. रुमालातून ही बारीक धूळ सहज आत जाते. धूळ ओढून घेणारं यंत्र आणि चांगला मास्क हा त्यांचा हक्क आहे, आणि घराचं फर्निचर करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचा आग्रह धरायला हवा.

आता उपचाराकडे. बहुतेक गाठींत आधी शस्त्रक्रिया होते. आजकाल ती पुष्कळदा दुर्बिणीतून, चेहऱ्यावर छेद न घेता करता येते. पण मोठी गाठ कडांसकट काढायला इथे जागाच नसते. डोळा किंवा मेंदूचं आवरण यांच्याशी सर्जनला थांबावं लागतं. जे डोळ्यांना दिसत नाही ते मागे राहण्याची शक्यता असते, म्हणून नंतर किरणोपचार. काही प्रकारांत, विशेषतः फार वेगानं वाढणाऱ्या अविभेदित कर्करोगात, आधी केमोथेरपी देऊन गाठ कशी प्रतिसाद देते ते पाहतात आणि मग शस्त्रक्रिया की किरणोपचार ते ठरवतात.

जुन्या पद्धतीत कोबाल्ट-६० च्या यंत्रातून समोरून आणि बाजूनं दोन-तीन झोत सोडले जात. झोताची कड धूसर असे, आकार चौकोनी. गाठ डोळ्याजवळ असेल तर डोळा झोतात येणारच, हे गृहीत धरावं लागे. अनेक रुग्णांना त्या बाजूची दृष्टी जाईल हे आधीच सांगितलं जाई. दुसरा मार्ग डोळा वाचवण्यासाठी गाठीची मात्रा कमी करण्याचा. त्यात आजार परत येई. या काळातल्या रुग्णांचा काळजीपूर्वक पाठपुरावा करून फ्लोरिडा विद्यापीठाच्या पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जे मांडलं, त्यावर आजही या भागातली आखणी उभी आहे. ५९ ग्रेच्या खाली मात्रा मिळालेल्या एकाही दृष्टिचेतेला त्यांना इजा आढळली नाही. ६० च्या वर मात्र रोजची मात्रा किती, हे निर्णायक ठरलं. रोज १.९ ग्रेपेक्षा कमी दिलेल्यांत पंधरा वर्षांत इजेचा धोका ११ टक्के, तर त्याहून जास्त दिलेल्यांत ४७ टक्के. एकूण मात्रा जवळपास तेवढीच, पण रोजचा घोट किंचित लहान केला की नसेला रात्रीतून सावरायला वाव मिळतो. म्हणूनच हे उपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. ‘एवढे दिवस कशाला, एकदम देऊन टाका’ असं लांबून आलेला नातेवाईक वैतागून म्हणतो, ते समजण्यासारखं आहे. पण डोळा वाचतो तो या दिवसांमुळे.

१९९० च्या दशकात आयएमआरटी म्हणजे तीव्रता बदलता येणारे किरण आले आणि चित्र पालटलं. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात, साधारण साठ जोड्या. प्रत्येक पट्टी संगणकाच्या हुकमानं स्वतंत्र सरकते. किरण अनेक दिशांनी येतात आणि प्रत्येक दिशेच्या झोतात कुठे दाट, कुठे विरळ असा फरक करता येतो. त्याहून मोठा बदल विचाराच्या दिशेत झाला. पूर्वी झोत ठरवून मात्रा कुठे किती पडते ते पाहायचे. आता आधी सांगायचं, की गाठीला ६६ हवेत, दृष्टिचेतेला ५४ च्या वर नकोत, कायाझमलाही नकोत, अश्रुग्रंथीला शक्य तितके कमी. मग संगणक उलट्या दिशेनं हिशेब करून पट्ट्यांच्या हालचाली शोधतो. मात्रेची उतरंड गाठीच्या वेड्यावाकड्या कडेला धरून वळू लागली. नळीसारख्या दृष्टिचेतेभोवती कोनाडा सोडून किरण दोन्ही बाजूंनी जाऊ लागले. या काळापासून किरणोपचारामुळे येणारं अंधत्व बऱ्याच अंशी कमी झालं, आणि माझ्या मते या आजारातली आजवरची सर्वांत मोठी उडी हीच आहे. तिच्याभोवती वर्तमानपत्री गाजावाजा झाला नाही, कारण यंत्र बाहेरून पूर्वीसारखंच दिसत होतं.

यंत्र जितकं अचूक, तितकी आखणारी नजर अचूक लागते. नेमकेपणा सुरू होतो तो कॉन्टूरिंगच्या खोलीत. डॉक्टर सीटीच्या प्रत्येक कापावर, दर दोन-तीन मिलिमीटरला, गाठीची जागा, संशयित जागा, प्रत्येक नस आणि ग्रंथी हातानं रेखतात. दीडशे-दोनशे चित्रांवर हे काम चालतं. सीटीत गाठ आणि सायनसमधे अडकलेला शेंबूड सारखेच दिसतात. एमआरआयमधे ते वेगळे ओळखू येतात, म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतात. शस्त्रक्रियेआधीची चित्रंही लागतात. गाठ कुठे कुठे पोचली होती हे शस्त्रक्रियेनंतरच्या चित्रात दिसत नाही.

अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कर्करोग इथे डॉक्टरांची परीक्षा घेतो. तो नसेच्या आवरणातून सरकत जातो. गालाची संवेदना वाहणारी नस सायनसच्या छतातून मागे जाते, कवटीतल्या एका गोल छिद्रातून आत शिरते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या गाठीसारख्या चेतापुंजात मिळते. गालात सुरू झालेला आजार या वाटेनं कवटीच्या आत पोचू शकतो, आणि मधल्या भागात चित्रात काहीही न दिसता. म्हणून डॉक्टर अख्खी वाट रेखून किरणांच्या क्षेत्रात घेतात. जिथे गाठ दिसते तेवढ्याच जागी किरण सोडले, तर आजार काही वर्षांनी नसेच्या वरच्या टोकाला उगवतो. अचूक म्हणजे लहान, असा अर्थ इथे चालत नाही. आजार कुठवर गेला असेल याचा अंदाज जितका खरा, तितका उपचार अचूक. तो अंदाज अनुभवातून येतो. म्हणूनच दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णानं यंत्र कुठलं आहे हे विचारण्याआधी इथे असे रुग्ण वर्षाला किती पाहिले जातात, हे विचारावं.

आखणी झाली की ती रोज तशीच उतरली पाहिजे. गरम पाण्यात मऊ झालेली प्लॅस्टिकची जाळीदार शीट रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती थंड झाली की त्याच्याच चेहऱ्याचा मास्क तयार होतो. टेबलाला खिळवलेल्या या मास्कखाली रोज पंधरा-वीस मिनिटं डोकं हलत नाही. वरच्या जबड्याच्या गाठीत तोंडात एक तुकडा धरायला देतात, त्यामुळे जीभ खाली दबते आणि किरणांपासून लांब राहते. झोत सुटण्याआधी यंत्रावरच सीटी काढून कालची आणि आजची हाडं जुळतात का ते पाहिलं जातं. तरीही तीन-चार मिलिमीटरची सोय ठेवावी लागते. ही सोय जितकी कमी करता येईल, तितकी दृष्टिचेता सुरक्षित.

इथे प्रोटॉनची गोष्ट येते. क्ष-किरण शरीरात शिरले की आरपार जातात, गाठीच्या पलीकडेही मात्रा सोडत जातात. प्रोटॉन तसा जात नाही. तो हळू होत होत एका ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकतो आणि थांबतो. शेवटच्या क्षणी टाकलेल्या ऊर्जेचं असं टोक विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांत पाहिलं होतं. लॉस अ‍ॅलामॉसमधे अणुबॉम्बच्या कामावर राहिलेले रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलं, की हे टोक गाठीवर आणून बसवता येईल. १९५४ मध्ये बर्कलेला पहिल्यांदा माणसावर प्रोटॉन वापरले गेले, तेही पीयूषिका ग्रंथीवर. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांत ग्रंथीचं संप्रेरक थांबवण्यासाठी तिच्यावर नेम धरला होता. आज सायनसवर प्रोटॉन देताना तीच ग्रंथी वाचवायची धडपड असते.

मेंदू, दुसरा डोळा आणि मागचा भाग यांना प्रोटॉनमुळे खूपच कमी मात्रा मिळते, म्हणून सायनसच्या गाठी प्रोटॉनसाठी योग्य मानल्या जातात. पण याच जागेत एक अडचणही आहे. सायनस हवेची पोकळी आहे, आणि प्रोटॉनला हवेत जवळजवळ अडथळा नसतो. समजा आखणीच्या दिवशी वाटेत दोन सेंटिमीटर हवा होती आणि तिसऱ्या आठवड्यात तिथे शेंबूड साचला, तर प्रोटॉन जवळपास दोन सेंटिमीटर आधीच थांबेल आणि गाठीचा मागचा भाग उपाशी राहील. उलट झालं, भरलेली पोकळी रिकामी झाली, तर झोत तेवढाच पुढे, थेट मस्तिष्कस्तंभाकडे जाईल. क्ष-किरणांत याच बदलानं थोडाच फरक पडतो. म्हणून प्रोटॉन घेणाऱ्या रुग्णाचा सीटी मधेमधे पुन्हा काढतात आणि गरज पडली तर अख्खी आखणी नव्यानं करतात. भौतिकशास्त्रज्ञ आणखी एक काळजी घेतात. झोताचं टोक नेमकं दृष्टिचेतेसमोर थांबेल अशी दिशा ते टाळतात. टोकाशी प्रोटॉनचा जैविक परिणाम जास्त असतो, आणि थांबण्याच्या जागेत दोन-तीन मिलिमीटरची अनिश्चितता राहतेच.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या एका आढाव्यानं ४१ अभ्यास एकत्र करून दाखवलं, की प्रोटॉन आणि कार्बन आयन या कणांनी उपचार घेतलेल्या नाक-सायनसच्या रुग्णांत आजारावरचा ताबा आणि आयुष्य क्ष-किरणांपेक्षा चांगलं दिसतं. त्याच आढाव्यात चेतासंस्थेचे दुष्परिणामही कणांच्या उपचारांत जास्त आढळले. शिवाय हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास, वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या रुग्णांचे. आजार इतका दुर्मिळ, की चिठ्ठ्या टाकून दोन गटांची तुलना करण्याएवढे रुग्ण गोळा करणंच कठीण. हे लक्षात ठेवूनच प्रोटॉनबद्दल बोलावं. मेलेनोमा आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक यांसारख्या क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या गाठींत जपाननं कार्बन आयनचा मार्ग धरला. चिबा इथल्या यंत्रावर १९९४ पासून असे उपचार होत आहेत.

भारतात चेन्नईच्या अपोलो केंद्रात २०१९ मध्ये प्रोटॉन सुरू झाले. २०२३ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमधे सार्वजनिक क्षेत्रातली सुविधा रुग्णसेवेत आली. याच अ‍ॅक्ट्रेकमधे २००५ च्या सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेलं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र पहिल्यांदा बसलं होतं. एकाच आवारात वीस वर्षांत केवढा पल्ला गाठला गेला, याचा मला अभिमान वाटतो. पण प्रोटॉनची जागा मोजकी आहे आणि रांग मोठी. तिच्यासाठी तीन महिने थांबणं हा शहाणपणा नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावेत, असं सर्वसाधारण मत आहे. अनुभवी हातांनी केलेलं चांगलं आयएमआरटी वेळेवर मिळत असेल, तर बहुतेक रुग्णांसाठी तेच घ्यावं. मूल, तरुण रुग्ण, कवटीच्या तळाशी पोचलेली गाठ किंवा पूर्वी एकदा किरण घेतलेली जागा यांच्यासाठी मात्र प्रोटॉनचा आग्रह धरायला कारण आहे.

‘लाइट’, म्हणजे किरणोपचार, सुरू होण्याआधी दातांची तपासणी करून घ्यावी. खराब दाढा आधीच काढून जखम भरू द्यावी, कारण किरण मिळालेल्या हाडातला दात नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आणि नाक आतून सोलवटतं, चव जाते, वास जातो. नाकात खपल्या धरतात आणि मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं पुढे कित्येक महिने चालू ठेवावं लागतं. ते पाणी उकळून गार केलेलं असावं. डोळे कोरडे पडतात, थेंब घालावे लागतात. मोतीबिंदू नंतर येऊ शकतो, पण तो काढता येतो.

पीयूषिका ग्रंथीचं बिघडणं मात्र फसवं असतं. उपचारांनंतर चार-पाच वर्षांनी थकवा, थंडी, पाळी अनियमित होणं, मन उदास राहणं सुरू होतं, आणि कोणाला किरणोपचारांची आठवणही राहिलेली नसते. थायरॉइड आणि कॉर्टिसॉलच्या साध्या रक्तचाचण्या दरवर्षी केल्या की हे पकडता येतं आणि गोळ्यांनी सुधारतं. दृष्टिचेतेची इजाही कधी कधी दीड-दोन वर्षांनी दिसते. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक आणि एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही परतू शकतात. पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो, असं या दोघांच्या बाबतीत धरता येत नाही. आणि आजार परतला तर पुन्हा किरण देता येतील का, हे पहिल्या वेळी दृष्टिचेतेला, कायाझमला आणि मेंदूला नक्की किती ग्रे मिळाले यावर ठरतं. त्यासाठी उपचार संपताना रुग्णालयाकडून मात्रेचा अहवाल आणि आखणीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, त्याची एक प्रत घरात आणि एक दुसरीकडे ठेवावी, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती दाखवावी.